छावणीतील स्त्रियांचे संरक्षण : मोजमाप कशाचे करावे?

आळंद हे कलबुर्गी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. या तालुक्याच्या सीमेला महाराष्ट्रातील अक्कलकोट व उमरगा हे तालुके भिडतात आणि बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणही लांब नाही. कन्नड, मराठी, दख्खनी आणि तांड्यांवरील बंजारा बोली येथील बाजारात एकाच दिवशी कानी पडतात. सोयरिकी आणि जमिनी सीमेच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे संकटकाळी माणसे सहजच पलीकडे धाव घेतात.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने हैदराबाद संस्थानातील असंख्य कुटुंबांनी घरेदारे सोडून सोलापूर, बार्शी या भागांत आश्रय घेतला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर विस्थापित होण्याची पाळी मुस्लिम कुटुंबांवर आली. त्या वर्षाच्या अखेरीस केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नमूद केले. स्त्रियांचे अपहरण व त्यांच्यावरील अत्याचार यांचाही समितीच्या अहवालात उल्लेख होता. परंतु तो अहवाल अनेक दशके जनतेसमोर आला नाही.

परदेशातून आश्रयास येतो तो निर्वासित आणि देशातच घर गमावतो तो विस्थापित, असा भेद कायद्याच्या परिभाषेत केला जातो. छावणीत दाखल झालेल्या स्त्रीच्या अडचणी मात्र दोन्ही प्रसंगी सारख्याच असतात. दार नसलेला निवारा, अनोळखी शेजार, रात्रीच्या वेळी शौचास जाण्याची भीती आणि धान्य-पैशांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे यांचा त्यात समावेश होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत दीर्घकाळ काढला. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने कलबुर्गी जिल्ह्यातील नदीकाठची गावे रिकामी करावी लागली, तेव्हा शाळांतून व सभागृहांतून निवारा केंद्रे उघडण्यात आली. कर्नाटकात अशा केंद्रास ‘काळजी केंद्र’ म्हणतात. हा शब्द कन्नडमध्ये व मराठीत एकच आहे, त्यामुळे सीमाभागातील वाचकांना त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

अशा केंद्रात स्त्रियांच्या संरक्षणासाठी कोणत्या सोयी असाव्यात, याविषयी शासनाचे नियम आहेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतुदी सुचविण्याचे कर्तव्य राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपविण्यात आले. त्यानुसार २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दरमाणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा व दिवाबत्ती, तीस माणसांमागे एक शौचालय, स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र शौचालय व स्नानगृह आणि शौचालयाचे अंतर पन्नास मीटरपेक्षा अधिक नसावे, अशी किमान मर्यादा घालून दिलेली आहे. आपत्तीत वैधव्य आलेल्या स्त्रियांची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी, त्यांना पंधरा दिवसांच्या आत दाखला व पंचेचाळीस दिवसांच्या आत अर्थसाहाय्य मिळावे, असेही त्यांत म्हटले आहे.

आता प्रश्न असा की, हे सारे झाले किंवा नाही आणि झाले असल्यास त्यामुळे स्त्री खरोखर सुरक्षित झाली किंवा कसे, हे ठरवावयाचे कसे? काम चालू असताना त्यावर सातत्याने लक्ष ठेवणे म्हणजे संनियंत्रण आणि काही काळाने थांबून त्या कामाचा परिणाम तपासणे म्हणजे मूल्यमापन. व्यवहारात या दोहोंची गल्लत होते आणि बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवरच थांबतात. किती दिवे लावले, किती शौचालये उभारली, किती सभा घेतल्या हे आकडे तहसील कार्यालयात वेळेवर पोहोचतात. ते आवश्यकच आहेत, परंतु ते शासनाने काय दिले एवढेच सांगतात.

शाळेतील काळजी केंद्राचेच उदाहरण घेऊ. वहीत ‘स्त्रियांसाठी दोन शौचालये’ अशी नोंद आहे. एकास आतून कडी नाही आणि दुसऱ्याची किल्ली जवळ बाळगणारा शिपाई सायंकाळी घरी जातो. आकडा खरा असतो, पण रात्री आठनंतर त्या छावणीतील स्त्रियांपुरती शौचालयांची संख्या शून्य असते. यास्तव पाहणी करणाऱ्याने दिवसा एकदा व अंधार पडल्यावर एकदा, छावणीतीलच दोन-तीन स्त्रियांना बरोबर घेऊन, निवाऱ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत व शौचालयापर्यंत चालत जावे. कोणत्या वळणावर त्यांची पावले झपाझप पडू लागतात, हे त्या फेरीत कळते. कागदावर ते कधीच उमटत नाही.

परिणाम तपासताना फसगत कशी होऊ शकते, याचे एक बोधप्रद उदाहरण आफ्रिकेतील केनिया देशात सापडते. सोमालियातील यादवीमुळे १९९१ पासून दादाब येथे निर्वासितांच्या मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. चुलीसाठी सरपण आणावयास स्त्रिया झुडुपांच्या रानात दूरवर जात आणि तेथे सशस्त्र लुटारूंकडून त्यांच्यावर बलात्कार होत. उपाय म्हणून १९९८ पासून छावणीत लाकूड वाटण्यात येऊ लागले. आपल्या भागात तुराट्या व पऱ्हाट्या गोळा करणाऱ्या स्त्रियांची पायपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा उपाय पटकन पटेल. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयासाठी २००१ मध्ये या योजनेचे मूल्यमापन करण्यात आले. घरात पुरेसे लाकूड असलेल्या काळात सरपण आणताना होणारे हल्ले खरोखरच कमी झाल्याचे त्यात दिसून आले. त्याच काळात अन्य ठिकाणी व अन्य प्रसंगी होणारे हल्ले मात्र वाढले होते. शिवाय वाटलेले लाकूड कुटुंबाच्या गरजेच्या एका लहानशा भागापुरतेच होते, त्यामुळे स्त्रियांचे रानात जाणे थांबले नव्हते. मूल्यमापकांनी किती गाड्या लाकूड वाटले एवढेच पाहिले असते, तर योजना पूर्ण यशस्वी ठरली असती. केवळ रानातील हल्ले मोजले असते, तरी ती यशस्वीच ठरली असती. हल्ला कोठे, केव्हा व काय करीत असताना झाला, याच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवलेल्या होत्या, म्हणूनच खरी स्थिती उजेडात आली.

तक्रारींच्या संख्येविषयी असाच घोटाळा होतो. ‘या केंद्रात एकही तक्रार नाही’ हे वाक्य अनेक अहवालांत समाधानाने लिहिलेले आढळते. तक्रार घेणारा अधिकारी पुरुष असेल, तो चार माणसांत बसत असेल आणि धान्यवाटपाची यादीही त्याच्याच हाती असेल, तर तक्रार येणार तरी कशी? अशा छावणीत विश्वासू परिचारिका किंवा अंगणवाडी सेविका नेमल्यावर पहिल्या महिन्यात तक्रारी वाढल्या, तर ते बहुधा सुधारणेचे लक्षण असते. वरिष्ठांनी त्या वाढीबद्दल खुलासा मागविला की पुढील महिन्यात आकडा पुन्हा शून्यावर येतो. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २००५ मध्ये काढलेल्या व २०१५ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत म्हणूनच असे सांगितले आहे की, छावणीत स्त्रियांवर अत्याचार होत आहेत असे गृहीत धरून पहिल्या दिवसापासून व्यवस्था करावी, आकडेवारीची वाट पाहू नये.

तक्रारींच्या संख्येपेक्षा त्यानंतरच्या तासांचा हिशेब अधिक उपयुक्त असतो. बलात्कारित स्त्रीस एचआयव्हीच्या प्रतिबंधाची औषधे बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्याही पाच दिवसांनंतर उपयोगी पडत नाहीत. अशा स्त्रीवर शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ती प्रथम कोणाजवळ बोलली, तेथून रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती तास गेले आणि वाटेत तिला किती जणांसमोर तीच हकीगत सांगावी लागली, हे मूल्यमापनात पाहिले पाहिजे. सीमाभागात आणखी एक अडचण उद्भवते. उमरगा तालुक्यातील स्त्री आळंदच्या छावणीत असेल, तर तक्रार कोणत्या ठाण्याने घ्यावी? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. ‘आमच्या हद्दीत नाही’ असे सांगून किती स्त्रियांना परत पाठविण्यात आले, हा प्रश्नही पाहणीत असावयास हवा.

माहिती गोळा करणे हे काही निरुपद्रवी काम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये याविषयी नैतिक दंडक घालून दिले. त्यांतील एक असा की, उपचार व आधार यांची किमान व्यवस्था हाताशी नसेल, तर अत्याचारांविषयी प्रश्न विचारूच नयेत. उत्साही स्वयंसेवकांना हे रुचत नाही. परंतु निवाऱ्याच्या दारात उभे राहून, सासू व शेजारीण ऐकत असताना, ‘तुमच्यावर अत्याचार झाला काय?’ असे विचारणे म्हणजे त्या बाईस नव्या संकटात लोटणे होय. पीडितेचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे, आणि लहान गावात वय, जात व नवऱ्याचा धंदा एवढे लिहिले तरी नाव लिहिल्यासारखेच होते. म्हणून एकत्रित अहवालात केवळ संख्या द्याव्यात व मूळ कागद कुलुपात ठेवावेत. संख्या अगदी थोडी असेल तेव्हा गावनिहाय फोडही करू नये.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जातो, यावरही उत्तर अवलंबून असते. तांड्यावरील स्त्री बाजारात कन्नड बोलते म्हणून ती मनातले दुःखही कन्नडमध्ये सांगेल, असे मानणे चूक ठरेल. दुभाषा म्हणून तिचा मुलगा किंवा दीर पुढे आला, तर त्या मुलाखतीस काही मोल उरत नाही.

स्त्रियांनीच माहिती घ्यावी व त्यांनीच कामावर देखरेख ठेवावी, याचा अनुभव या भागाला आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात शासनाने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने हजारांहून अधिक गावांत संवाद सहायक नेमले. त्यांत गावातील स्त्रियांचा मोठा भाग होता. त्या अनुदानाची माहिती घरोघर पोहोचवीत, बांधकामावर नजर ठेवीत आणि अडचणी अधिकाऱ्यांच्या कानांवर घालीत. तो कार्यक्रम घरांचा होता, स्त्रियांच्या संरक्षणाचा नव्हे. तरीही गावातील स्त्रीला शासकीय कामाची तपासणी करता येते, हे त्यावरून दिसून आले.

छावणी उठली म्हणजे नोंदवह्या कपाटात जातात, शाळा पुन्हा भरू लागते आणि कुटुंबे आपापल्या गावी परततात. दाखला मिळालेल्या विधवेला अर्थसाहाय्य पंचेचाळीस दिवसांत तिच्या स्वतःच्या खात्यात जमा झाले किंवा दिराच्या, आणि आळंद ठाण्यात नोंदविलेली तक्रार पलीकडील ठाण्याकडे वर्ग होऊन तिचा तपास सुरू झाला किंवा कसे, हे त्यानंतरच कळू शकते. त्याकरिता तीन महिन्यांनी व पुन्हा वर्षाने त्या गावी जाऊन यावे लागते, आणि या दोन फेऱ्यांचा प्रवासखर्च छावणीच्या अंदाजपत्रकातच आरंभी धरून ठेवावा लागतो.