बेरेटा एम-१९३४ : युद्धासाठी बनले, युद्धानंतर उरले

दिल्लीत करोल बागेपासून जवळच, मंदिर मार्गावर, हिंदू महासभेचे भवन आहे. २० जानेवारी १९४८ रोजी या भवनामागच्या झाडीत काही जण दोन रिव्हॉल्व्हर तपासून पाहत होते. गांधीहत्येच्या खटल्यातील माफीच्या साक्षीदाराने सांगितले त्याप्रमाणे, एकाचे गोळ्यांचे कोठार बाहेर येईना, तर दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचेना. त्याच दिवशी बिर्ला भवनात स्फोट झाला, पण गांधीजी बचावले. ३० जानेवारीला पुण्याचा नथुराम गोडसे तिथे परतला तो ग्वाल्हेरहून मिळवलेले पिस्तूल घेऊन. ते होते बेरेटा एम-१९३४, क्रमांक ६०६८२४. या वेळी यंत्र अडले नाही. तीन गोळ्या सुटल्या आणि गांधीजी गेले.

उत्तर इटलीतील गार्दोने गावच्या बेरेटा कारखान्यात तुल्लिओ मारेंगोनी या अभियंत्याने हे पिस्तूल घडवले. इटलीचे सैन्य तेव्हा जर्मनीच्या वाल्थर पिस्तुलाची चाचणी घेत होते. बेरेटाचे उत्तर होते एम-१९३४. ते हजारोंच्या संख्येने झपाट्याने तयार व्हावे आणि धुळीतही चालावे, म्हणून रचना अगदी साधी ठेवलेली.

मोठ्या काडतुसांच्या पिस्तुलात गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि वरची सरकती स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवावी लागतात. बेरेटात हा अडसरच नाही. त्याचे ९ मिलिमीटरचे आखूड काडतूस कमी दाबाचे असते, त्यामुळे स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढेच पुरते. जड स्लाइड हलायला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते, दाब उतरतो, मग स्लाइड मागे जाऊन रिकामे काडतूस फेकते आणि पुढे येताना सात गोळ्यांच्या मॅगझिनमधून नवे काडतूस आत ढकलते. स्लाइडचा माथा बराचसा उघडा असल्याने रिकामे काडतूस सहसा अडकत नाही. सुटे भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडे.

अशी सुमारे दहा लाख पिस्तुले बनली. कित्येकांच्या स्लाइडवर इसवी सनाच्या शेजारी मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीचे वर्ष रोमन आकड्यांत कोरलेले आढळते. १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला आणि उत्पादन चालूच ठेवले. राजवटी कोसळल्या, सैन्ये विसर्जित झाली, पण पोलाद गंजायला कित्येक दशके लागतात. पराभूतांची शस्त्रे जेत्यांच्या सामानात शिरली आणि तिथून गुपचूप बाजारात.

गुन्हा माणसाने केला. पिस्तुलावर त्याची जबाबदारी टाकता येणार नाही. तरीही सैनिकाला चिखलात साथ देणारा भरवसा मारेकऱ्याच्या हातातही तितकाच पक्का असतो, हे मान्य करावेच लागते. हत्यार कोणाच्या हातात आहे, हे स्प्रिंगला कळत नाही. कारखाना प्रत्येक नगावर क्रमांक कोरतो, कारण त्याला उत्पादनाचा हिशेब हवा असतो. तोच हिशेब युद्ध संपल्यावर, शेवटचे पिस्तूल परत येऊन वितळेपर्यंत ठेवणे ही बनवणाऱ्या आणि वाटणाऱ्या सरकारांची जबाबदारी आहे. युद्धखर्चाच्या अंदाजपत्रकात शस्त्रे परत गोळा करण्याची रक्कमही पहिल्या दिवसापासून धरली गेली पाहिजे.