संगणकाचें कुंपण

शेतास कुंपण घालावें हें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्या संगणकावर आपण सातबारा पाहतों, बाजारभाव वाचतों व बँकेचा हिशेब ठेवतों, तो मात्र बहुतेक घरीं उघड्या रानासारखा पडलेला असतो. २०१९ सालीं पीएम-कुसुम योजना सुरू झाल्यावर सौर पंपाच्या नोंदणीच्या नांवाखालीं पैसे उकळणारीं बनावट संकेतस्थळें निघालीं, आणि केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास लोकांना सावध करणारीं पत्रकें काढावीं लागलीं. आमच्याच घरीं अशा एका संकेतस्थळावर रक्कम भरण्याची तयारी झाली होती. नांव ताडून पाहतां तें सरकारी नव्हे असें वेळीं कळलें, म्हणून निभावलें. तें पुन्हां कोणाच्या हातून उघडूं नये यासाठीं आम्हीं जो उपाय केला, तो बिनखर्चाचा असल्यामुळें वाचकांस सांगतों.

प्रथम उपायाचें तत्त्व. प्रत्येक संकेतस्थळास नांव असतें, तसा एक आंकडी पत्ताही असतो. तलाठ्याच्या दप्तरांत खातेदाराच्या नांवावरून गट नंबर काढावा, त्याप्रमाणें संगणक नांवावरून हा पत्ता काढतो. अमेरिकेंत अर्पानेट नांवाचें जुनें जाळें होतें, तेव्हां सर्व संगणकांचीं नांवें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एकाच यादींत लिहिलीं जात व जो तो तिची नक्कल उतरून घेई. पुढें यादी आवरेना. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं अनेक ठिकाणीं विभागलेल्या दप्तराची हल्लींची पद्धत योजिली. तथापि त्या यादीचा अवशेष ‘होस्ट्स’ नांवाच्या फाईलीच्या रूपानें संगणकांत राहिला आहे. संगणक साधारणतः बाहेर विचारण्यापूर्वीं ही घरची वही पाहतो. तींत नको त्या नांवास चुकीचा पत्ता लिहून ठेविला, म्हणजे वाट तेथेंच खुंटते.

आतां कृति. विंडोज संगणकांत नोटपॅडवर माउसचें उजवें बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावें. नंतर सी ड्राइव्हमध्यें विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमानें शिरावें व ‘ऑल फाइल्स’ निवडून होस्ट्स उघडावी. आधीं तिची एक नक्कल अन्यत्र ठेवावी. मग शेवटीं नव्या ओळींत १२७.०.०.१ हा पत्ता, थोडी मोकळी जागा व संकेतस्थळाचें नांव लिहावें. आंकडे व अक्षरें इंग्रजीच असावींत. हा पत्ता संगणकाचा स्वतःचाच असल्यामुळें जाणारा आपल्याच दारीं परत येतो. आरंभीं तीन डब्ल्यू असलेलें तेंच नांव निराळ्या ओळींत लिहावें. फाईल जतन करतांना नांवापुढें ‘टीएक्सटी’चें शेपूट लागूं देऊं नये. शेवटीं ब्राउझर बंद करून पुन्हां उघडावा.

या कुंपणाच्या मर्यादाही ओळखाव्या. लिहिलेलें नांव तेवढेंच अडतें. ठकानें उद्यां नवें नांव घेतल्यास नवी ओळ लिहावी लागते. मोबाइलला याचें संरक्षण नाहीं. ज्याच्या हातीं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, त्यास ओळ पुसतांही येते. म्हणून तो कर्त्या माणसानें आपल्याकडे ठेवून मुलांस निराळें खातें काढून द्यावें. आणखी एक गोष्ट अशी कीं, कांहीं दुष्ट प्रोग्राम याच वहींत गुपचूप लिहून बँकेच्या नांवापुढें चोराचा पत्ता घालतात. मग कुंपणच शेत खातें! यास्तव ही फाईल मधून मधून उघडून पाहावी. # या चिन्हानें सुरू होणाऱ्या ओळी केवळ टिपा असतात. त्यांवांचून आपण न लिहिलेली ओळ आढळल्यास जाणत्यास दाखवावी.

कुंपण घातलें म्हणून कोणी राखण सोडीत नाहीं. पैसे भरण्यापूर्वीं नांव अक्षरशः वाचावें, व शंका आल्यास कृषि कार्यालयांत विचारून मगच पुढें जावें, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस विनंति आहे.