घड्याळ अस्सल की नक्कल?

‘खऱ्या रोलेक्सचा सेकंदकाटा सलग वाहतो, तो टिकटिकला की घड्याळ खोटे समजावे.’ हे वाक्य तुम्ही कुणाच्या तरी तोंडून ऐकले असेल. स्वित्झर्लंडची ही घड्याळे लाखो रुपयांना विकली जातात, जुन्या घड्याळांनाही मोठी किंमत येते आणि म्हणूनच त्यांच्या नकला निघतात. एवढी रक्कम मोजणाऱ्याने या एका वाक्यावर विसंबावे काय? चला, वाक्यच तपासू या.

यांत्रिक घड्याळात एक लहानसे दोलनचक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे फिरत असते. त्याच्या प्रत्येक अर्ध्या दोलनाला दातेरी चक्रे एक पाऊल पुढे सुटतात व काटा किंचित सरकतो. आजच्या बहुतेक रोलेक्समध्ये अशी पावले तासाला २८,८००, म्हणजे सेकंदाला ८ पडतात. तेव्हा काटा सलग वाहत नाहीच! झटके इतके लहान व जलद असतात की ते आपल्याला सहज वेगळे काढता येत नाहीत, इतकेच. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. ती १५ वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर १ स्पंद उरतो आणि त्या स्पंदावर काटा पुढे उडी घेतो.

नकलेत स्वस्त क्वार्ट्झ यंत्र असेल, तर ही खूण उपयोगी पडते. पण नक्कल करणारेही आता यांत्रिक यंत्रे बसवितात. उलट, रोलेक्सनेच १९७७ मध्ये ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’ हे घड्याळ काढले. ते अस्सल असूनही सेकंदाला एकदाच टिकटिकते. वाक्य दोन्ही पायांनी लंगडे आहे.

मोजणे मात्र शक्य आहे. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या फोनने काट्याचे चित्रण करा व ते सावकाश पाहा. सेकंदाला ८ पावले असतील, तर काटा दर ३० चित्रांनी हलेल. ४० चित्रे लागली, तर पावले ६ च आहेत. घरात एचएमटीचे चावीचे ‘जनता’ घड्याळ असेल, तर सरावाला उत्तम. त्यात सेकंदाला ५ पावले, म्हणजे ४८ चित्रे! मात्र रोलेक्सच्याच जुन्या १५७० क्रमांकाच्या यंत्रात तासाला १९,८००, म्हणजे सेकंदाला साडेपाचच पावले पडतात. त्या नमुन्यात किती पावले हवीत, हे आधी माहीत नसेल तर मोजमाप फुकट.

आता काचेकडे वळू. आजच्या महागड्या घड्याळांची ‘काच’ बहुधा काच नसतेच. तो कृत्रिम नीलम, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक असतो. मोह्झच्या श्रेणीत त्याचा कठीणपणा ९, वाळूतील क्वार्ट्झचा ७ आणि साध्या काचेचा सुमारे साडेपाच. त्यामुळे धुळीने काचेवर चरे उठतात, नीलमावर नाही. (दुसऱ्याच्या घड्याळावर हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.) नीलम काचेपेक्षा कितीतरी पट चांगला उष्णतावाहक असल्याने ओठाला गारही लागतो. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची युक्ती मला पटत नाही. थेंब गोल राहतो की पसरतो, हे पृष्ठभागावरील बोटांच्या तेलकटपणावर फार अवलंबून असते. शिवाय नीलमाची काच आता नकलेतही मिळते.

तारखेवरचे लहान भिंग अधिक बोलके. रोलेक्सचे हे भिंग तारीख अडीच पट मोठी दाखवते. साधारण नकलेत ती जेमतेम दीडपट दिसते. नीलमाचा वक्रीभवनांक १.७७, काचेचा सुमारे १.५. वक्रता तीच ठेवली, तर भिंगाची शक्ती वक्रीभवनांकातून १ वजा करून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असते. ०.७७ आणि ०.५ यांची तुलना करा, म्हणजे काचेचे भिंग कोठे कमी पडते ते कळेल. पण तारीख नसलेल्या नमुन्यांना भिंगच नसते!

सोन्याच्या घड्याळाचे वजन करून घनता काढावी, असे आर्किमिडीजची गोष्ट वाचलेल्या कुणालाही सुचेल. पण आत पोकळी व यंत्र असल्याने संपूर्ण घड्याळाची घनता काही सांगत नाही. पट्ट्याची सुटी कडी मिळाली, तर गोष्ट वेगळी. १८ कॅरट सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १५ ग्रॅम, पोलादाची ८ च्या आसपास.

शेवटी घड्याळजीला मागचे झाकण उघडावेच लागते. तेथेही कधी पेच पडतो. कवच व यंत्र अस्सल, पण तबकडी आणि काटे कुणीतरी नंतर बसविलेले बनावट. असे घड्याळ विकत घेताना कोणता भाग कोठला, हे पावतीवर लिहून घेतात.