चांदीचे स्मारक नाणे घेताना

काही घरांत देव्हाऱ्यात नाहीतर ट्रंकेच्या तळाशी राणीछाप रुपया अजून जपलेला असतो. तो चांदीचा आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असते. त्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात शंभर भागांपैकी जवळजवळ ९२ भाग चांदी होती. पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ साली रुपया निकेलचा झाला. मग हातोहाती चालणारा रुपया चांदीचा राहिला नाही.

तरी सरकार चांदीची नाणी पाडते. ही नाणी बाजारहाटासाठी नसतात. थोर माणसाची जन्मशताब्दी, एखाद्या संस्थेची पन्नास वर्षे, अशा प्रसंगाची आठवण राहावी म्हणून ती काढतात. त्यांना स्मारक नाणी म्हणतात. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी पंडित नेहरूंची. ती १९६४ साली निघाली, पण निकेलची होती. चांदीचे स्मारक नाणे निघाले १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीला. ते दहा रुपयांचे होते. वजन १५ ग्रॅम, चांदी शंभरात ८० भाग.

अशी नाणी जमवण्याचा छंद चांगला आहे. मुलांना त्यातून इतिहास कळतो. पण छंदात पैसा जातो, आणि हिशेब ठाऊक नसला तर फार जातो. म्हणून हिशेब आधी सांगतो.

एकाच नाण्याला तीन किमती असतात. पहिली नाण्यावर छापलेली. दुसरी आतल्या चांदीची. तिसरी हौसेची, म्हणजे नाणी जमवणारा जी द्यायला तयार होतो ती.

छापलेल्या किमतीवर जाऊ नका. २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त १२५ रुपयांचे नाणे निघाले. २०२३ साली दिल्लीत नवे संसद भवन उघडले तेव्हा ७५ रुपयांचे निघाले. एकावर १२५, दुसऱ्यावर ७५. मग पहिल्यात चांदी जास्त असेल, असे वाटते की नाही? तसे नाही. दोन्हींचे वजन ३५ ग्रॅम, आणि दोन्हींत चांदी निम्मी. उरलेल्यात ४० भाग तांबे, ५ भाग निकेल आणि ५ भाग जस्त. गंमत अशी, की १९४० नंतरच्या राजाछाप रुपयातही हेच मिश्रण होते. आकडा निघतो तो प्रसंगावरून, चांदीवरून नाही.

आता चांदीची किंमत काढू. ३५ ग्रॅमच्या निम्मी म्हणजे साडेसतरा ग्रॅम. चांदीचा भाव रोज बदलतो. हिशेब सोपा जावा म्हणून ग्रॅमला १०० रुपये धरू. म्हणजे चांदी झाली १७५० रुपयांची. दुकानदार त्याच नाण्याचे ५००० मागत असेल, तर ३२५० रुपये आपण हौसेचे देत आहोत. द्यायला हरकत नाही, पण ते कशाचे देतो हे समजून द्यावे.

कारण, घेतेवेळी तिसरी किंमत सांगतात आणि विकतेवेळी दुसरीच हातात येते. अडीअडचणीला नाणे घेऊन सराफाकडे गेलात, तर तो छंदाचे पैसे देत नाही. मिश्र धातू म्हणून चांदीचेही कमीच धरतो. शिवाय २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे सरकारी नाणे वितळवायला बंदी आहे. लेकीच्या लग्नासाठी चांदी साठवायची असेल तर शुद्ध चांदी घ्यावी. स्मारक नाणे हौसेच्या पैशातून घ्यावे. पेरणीच्या पैशातून घेऊ नये.

सगळ्याच नाण्यांत चांदी निम्मी नसते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून २०१० साली हजार रुपयांचे नाणे निघाले. त्यात चांदी ८० भाग होती. अलीकडे काही नाणी जवळजवळ शुद्ध चांदीचीही निघाली आहेत. म्हणून प्रत्येक वेळी वजन किती आणि चांदी शंभरात किती, हे दोन आकडे विचारावे. टाकसाळीच्या पत्रकात ते लिहिलेले असतात.

टाकसाळ म्हणजे नाणी पाडण्याचा कारखाना. आपल्या देशात सरकारी टाकसाळी चार. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नव्या नाण्यासाठी टाकसाळीकडे आगाऊ पैसे भरून नाव नोंदवतात. हे काम आता इंटरनेटवरून होते. गावातल्या शिकलेल्या मुलाला शेजारी बसवून करावे. नाणे हाती यायला वेळ लागतो. धीर धरवत नाही म्हणून लोक व्यापाऱ्याकडे जातात आणि चढा भाव देतात.

टाकसाळीत दोन तऱ्हा मिळतात. एक साधी. दुसरीला प्रूफ म्हणतात. तिचा ठसा घासून गुळगुळीत केलेला असतो आणि नाण्यावर तो एकाहून अधिक वेळा दाबतात. त्यामुळे नाण्याची पाटी आरशासारखी चमकते. चांदी मात्र दोन्हींत तेवढीच. नवशिक्याने साधे घ्यावे, असे आम्हाला वाटते.

दिवाळीत सराफाकडे लक्ष्मी-गणपतीचे चांदीचे ‘नाणे’ मिळते. ते नाणे नव्हेच. ती चांदीची चकती. पूजेला उत्तम, पण स्मारक नाणे म्हणून कोणी गळ्यात मारील तर घेऊ नका. सरकारी नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह, ‘भारत’ हे नाव आणि रुपयांचा आकडा असतो.

जुने नाणे घेताना सोबत छोटा काटा न्यावा. गांधींचे नाणे १५ ग्रॅम भरले पाहिजे. त्याच आकाराचे तांब्याचे नाणे चांदीचा मुलामा देऊन केले, तर ते हलके भरते. नाण्याला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर चांदी नव्हे. न चिकटला तरी खात्री धरू नये, कारण तांब्यालाही तो चिकटत नाही. गांधींच्या नाण्यावर १८६९ आणि १९४८ ही साले आहेत. ती जन्माची आणि मृत्यूची. १९६९ हे साल त्यावर नाहीच. ‘१८६९ चे नाणे आहे’ म्हणून कोणी भाव सांगितला, तर हसून पुढे जावे. ते लाखांनी पाडले होते.

घरी आणल्यावर नाणे घासू नका, ही आमची हात जोडून विनंती. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातल्या बाया समया, तांब्ये चिंच-राखेने लखलखीत करतात. त्यांत नाणे गेले की हौसेची किंमत धुऊन निघाली! चांदी हवेने काळी पडते. छंदी माणसाला तो काळेपणा चालतो, ओरखडा चालत नाही. नाणे कडेला धरून उचलावे आणि आले त्या डबीतच ठेवावे.

आणखी एक गोष्ट हल्ली फार चालते. फोन येतो, ‘तुमच्याकडे जुने नाणे आहे ना? लाखो रुपये देतो. आधी फी भरा.’ कोणी रिझर्व्ह बँकेचे नावही सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः लोकांना सावध केले, की अशा व्यवहारात ती नाही आणि त्यासाठी ती फी किंवा कमिशन घेत नाही. नाणे विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. फोन तिथेच ठेवून द्यावा.

नाणे घेतले की एका चिठ्ठीवर कोणाकडून, कधी, केवढ्याला घेतले आणि वजन किती भरले, एवढे लिहावे. आता आपल्याला लिहिता येते. चिठ्ठी आणि पावती डबीतच ठेवावी.