गाठ धरणारी दोरी

दोर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो ताकदीचा. वजन किती पेलेल? परसात बांबूचा मांडव घालायचा असो, बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी शिंकी विणायची असोत की आंब्याच्या फांदीला झोळी टांगायची असो, प्रश्न हाच. माझ्या मते हा दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला प्रश्न, ही दोरी गाठ धरते का? कारण ऊन-पावसातल्या कामात दोर मधोमध तुटलेला क्वचितच दिसतो. तो गाठीपाशी तुटतो, नाहीतर गाठच सुटते. वेष्टनावर छापलेला तुटभार सरळ ताणलेल्या दोराचा असतो. गाठीच्या वळणात बाहेरच्या अंगाचे तंतू जास्त ताणले जातात आणि आतले नुसते दाबले जातात. साधी एकेरी गाठ दोराची जवळजवळ निम्मी ताकद खाते. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ बरीच सौम्य, तिच्यात पाऊण ताकद शिल्लक राहते.

गाठ टिकते ती घर्षणावर. खांबाभोवती घातलेला प्रत्येक वेढा पकड पटीत वाढवतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचं गणित मांडलं. घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर हातातला एक किलोचा जोर पलीकडचे साडेसहा किलो थोपवतो. तीन वेढे घातले की हाच आकडा पावणेतीनशे किलोच्या पुढे जातो. दोर गुळगुळीत असेल, घर्षणांक ०.१ असेल, तर तीन वेढे घालून साडेसहा किलोच थोपतात. खरबरीत दोराचा एक वेढा आणि गुळगुळीत दोराचे तीन वेढे सारखेच. दुकानात चकचकीत दोरी हातात आली की हे गणित आठवावं.

आपल्याकडच्या जुन्या दोरांना हे खरबरीतपण जन्मजात होतं. अंबाडीची धाटं पाण्यात कुजवून, सोलून, धुऊन जो वाख निघतो त्याच्या अंगावर बारीक केसाळपणा असतो. घायपाताचा, म्हणजे मराठवाड्यातल्या केकताडाचा वाख त्याहून राठ आणि ताठ. बलुतेदारीत हे दोर वळण्याचं काम मातंग समाजाकडे होतं. मोटेचा नाडा, बैलांचा कासरा, दावं, वेसण, मुसकं, शिंकं हे सगळं त्यांच्या हातून उतरे, आणि मोबदला म्हणून खळ्यावर शेतकरी देईल ते धान्य पदरात पडे. हे काम फार बारकाईचं होतं. वाखाला एका दिशेने पीळ देऊन पेड करायचा आणि तीन पेड एकत्र वळताना पीळ उलट दिशेने द्यायचा. पेड उलगडू पाहतो तेव्हा दोराचा उलटा पीळ त्याला अडवतो आणि दोर उलगडू पाहतो तेव्हा पेड त्याला अडवतात. म्हणून टोक मोकळं असलं तरी चांगला वळलेला दोर लगेच फिसकटत नाही. मोटेचा नाडा दिवसभर ओला आणि दिवसभर ताणलेला असे. त्याच्यावर विहिरीचं पाणी आणि बैलांचं बळ दोन्ही तोललं जाई. हे ज्ञान ज्यांच्या हातात होतं त्यांना गावाने कारागिराचा मान दिला नाही, याची खंत मला आजही वाटते.

कोकणचा दोर म्हणजे सुंभ. नारळाची सोडणं खाडीच्या खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालायची, मग बडवून काथ्या मोकळा करायचा. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून तो कुजायला वेळ लागतो. तो समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही आणि तरंगतोही. ताकदीत मात्र तो कमी, आणि ताणला की बराच लांबतो. असं असूनही मुंबईत मजल्यावर मजले चढणाऱ्या बांबूच्या परांच्या काथ्याच्या दोरीने बांधल्या गेल्या, कारण बांबूची साल गुळगुळीत असते आणि काथ्याचे काटेरी तंतू तिला चावून धरतात. दोर कमजोर असला तर वेढे वाढवता येतात, हे परांची बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तागाच्या सुतळीबद्दल थोडक्यात सांगायचं तर गाठ उत्तम, आयुष्य एका पावसाळ्याचं. सुताची गोष्ट वेगळी. सुती दोर ओला झाला की उलट बळकट होतो, पण फुगून आखूडही होतो. तंबूचे सुती ताण पावसात सैल करावे लागत ते यामुळेच. मल्लखांबाचा दोर सुती असतो, कारण अंगाला त्याच्याइतका मऊ आणि तरी पकड देणारा दुसरा दोर नाही. बाल्कनीत टांगायच्या मॅक्रमेला लोक हौसेने सूत घेतात. छपराखाली ते शोभतं, पण श्रावणातल्या ओलीत त्याच्यावर काळी बुरशी धरते.

१९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सने नायलॉन तयार केलं आणि दोराचं जग पालटलं. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटच्या दोऱ्या नायलॉनच्या झाल्या. आज हौशी लोक वापरतात ती पॅराकॉर्ड तिथूनच आली. विणलेल्या आवरणात सात पेड आणि तुटभार ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो. नायलॉन झटका सोसतं, पण भिजलं की त्याची दहा-पंधरा टक्के ताकद कमी होते आणि ते सैलही पडतं. पॉलिएस्टर कमी ताणतं, पाण्याला फारसं जुमानत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. कायम बाहेर राहणाऱ्या कामासाठी मी पॉलिएस्टरच निवडतो, तेही चमक नसलेलं, हाताला किंचित सुती लागणारं. निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिक दोऱ्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्या स्वस्त असतात, तरंगतात, पण गाठीत निसटतात, आणि उन्हात काही काळ राहिल्या की हाताला त्यांचा भुसा लागतो. अमेरिकेत रानात मचाणं आणि निवारे बांधणारे हौशी लोक डांबर चोळलेली पिळाची नायलॉन सुतळी पसंत करतात. मुळात ती नदीकाठी गळ लावून ठेवण्यासाठी वापरली जाई. नायलॉनच्या ताकदीला डांबराने चिकटपणा मिळतो, आणि गाठ एकदा बसली की हलत नाही.

दुकानातच करता येतील अशा परीक्षा सोप्या आहेत. हातभर दोरीला सैल एकेरी गाठ मारा आणि सोडून द्या. गाठ आपोआप उघडू लागली तर दोरी ताठ आहे, ती बाहेरही तेच करील. पीळ उलटा फिरवून पेडांमध्ये बोट घाला. पेड पटकन मिटले तर वळणी घट्ट आहे. जात ओळखायची असेल तर छोटा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा. पॉलिप्रॉपिलीन वर येतं, नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाला जातात.

आता गाठींकडे. क्लिफर्ड अॅशलेच्या १९४४ सालच्या ग्रंथात गाठींच्या ३,८०० हून जास्त नोंदी आहेत. घरच्या कामाला चार-पाच पुरतात. दोन टोकं बांधताना आपण सवयीने जी गाठ मारतो ती बहुधा चुकीची असते, कारण दोन्ही वेळा एकाच बाजूचं टोक वर येतं. दुसऱ्या वेळी बाजू पालटली की ती खरी रीफ गाठ होते. ही का टिकते हे २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी ताणाबरोबर रंग बदलणारे तंतू वापरून दाखवलं. रीफ गाठीत शेजारचे भाग एकमेकांविरुद्ध पिळले जातात आणि अडकतात. चुकीच्या गाठीत ते एकाच दिशेने फिरून निसटतात. हिरव्या बांबूवर मात्र कोणतीही गाठ काही आठवड्यांनी सैल पडते, कारण बांबू वाळताना आकसतो. अशा वेळी दोर सोडू नये, बांधणीत बांबूचीच पाचर ठोकावी.

माणूस बसणार असेल तर हिशोब कडक हवा. झोळीला किंवा झोपाळ्याला दोर निवडताना वजन तुटभाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. ८० किलोच्या माणसाला २५० किलोची पॅराकॉर्ड मुळीच चालत नाही. त्यातही टांगण्याचा कोन पाहावा. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांवर असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरावर माणसाच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. झोळी ताठ दिसावी म्हणून १० अंशांवर ओढली की तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो, आणि हा सगळा भार दोन्ही टोकांच्या गाठींवर पडतो. म्हणून झोळी सैल टांगावी, चांगली खोल, आणि तिच्यात अंग टाकण्याआधी दोन्ही टोकांना हाताने जोर देऊन गाठी बसवून घ्याव्यात.