तेल, पाणी आणि झाडाचा धागा

आज माझ्या एका फजितीपासून सुरुवात करतो.

निवृत्तीनंतर महूला घरामागे लिंबाची चाळीस रोपं लावली. पानांवर नागअळी दिसली, म्हणून निंबोळी तेल पाण्यात ओतलं, पंप पाठीवर घेतला आणि फवारत सुटलो. चार दिवसांनी बघतो तर पहिल्या रांगेत अळी मजेत, आणि शेवटच्या रांगेची पानं करपलेली! तेल पाण्यावर तरंगतं आणि पंप तळातून ओढतो. आधी नुसतं पाणी गेलं, शेवटी नुसतं तेल.

हलवलं की तेलाचे थेंब होतात. पण दोन थेंब भेटले की एक होतात, मोठे होऊन वर येतात. त्यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे साबण. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे. थेंबाभोवती त्याचं पातळ कवच होतं. मात्र हे रेणू सारखे ये-जा करतात, आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो.

दुसरा मार्गही जुना आहे. बारीक घन कणसुद्धा थेंबाभोवती बसून त्याला सांभाळतात, हे 1903 मध्ये रॅम्सडेन आणि 1907 मध्ये पिकरिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणून अशा मिश्रणाला ‘पिकरिंग इमल्शन’ म्हणतात.

आता हे कण झाडापासून मिळतात. लाकडाचा लगदा किंवा सरकीवरचा आखूड कापूस आधी रसायनानं किंवा एन्झाइमनं सैल करायचा, मग प्रचंड दाबानं अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा काढायचा. सेल्युलोजचे धागे सुटे होतात. जाडी काही दशक नॅनोमीटर. आपला केस त्याच्या हजारपटीहून जाड!

हे धागे दोन कामं करतात. काही थेंबाच्या पृष्ठभागावर ठाण मांडतात. एकदा बसले की सहज हटत नाहीत. उरलेले पाण्यात जाळं विणतात, त्यात थेंब अडकून राहतात. फौजी भाषेत सांगायचं तर चौकीवर पहारा आणि बाहेर तारेचं कुंपण.

मग हे दुकानात सर्रास का मिळत नाही? धागे सुटे करायला वीज फार लागते. तयार होतो तो गर, शंभर ग्रॅममध्ये धागा जेमतेम दोन-तीन ग्रॅम, बाकी पाणी. म्हणजे वाहतूक पाण्याचीच. आणि वाळवला तर धागे एकमेकांना घट्ट चिकटतात, पुन्हा नीट सुटत नाहीत. या अडचणींवर जगभर काम चालू आहे. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनंही कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला आहे.

तोवर घरी कागदाचा लगदा पंपात घालू नका, नोझल तुंबेल! तेल आधी इमल्सिफायरमध्ये घोटा, मग थोडं थोडं पाणी घाला, पंप अधूनमधून हलवा आणि ऊन उतरल्यावर फवारा.

माझी शेवटची रांग पुन्हा फुटली आहे. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!