ओक सुकतोय, पण कशाने?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटा भागात जुलैमध्ये एखाद्या रेड ओकचा शेंडा तपकिरी पडू लागला, की पाहणीची सुरुवात झाडाखालच्या जमिनीपासून करावी. ऐन उन्हाळ्यात तिथे पानांचा सडा पडला असेल, पानांची टोकं आणि कडा करपलेल्या पण देठाकडचा भाग अजून हिरवा असेल, तर संशय ‘ओक विल्ट’ या मर रोगाचा.

विस्कॉन्सिनमध्ये १९४४ साली ओळखल्या गेलेल्या या रोगाची बुरशी खोडातल्या जलवाहिन्यांत शिरते. बचावासाठी झाड त्याच वाहिन्या बुजवतं आणि वरचं पाणी तुटतं. रेड ओक काही आठवड्यांत मरतो; व्हाइट ओक एकेक फांदी गमावत वर्षानुवर्षं तग धरतो, म्हणून तिथे निदान फार चकवतं. मेलेल्या रेड ओकच्या सालीखाली पुढे बुरशीची गादी वाढते, साल तडकते आणि फळासारख्या गोडसर वासावर भुंगेरे जमतात. अंगाला बीजाणू चिकटलेले हे भुंगेरे मग निरोगी झाडाच्या ताज्या जखमेवर जाऊन बसतात.

शेंड्याकडून वाळवणारा दुसरा शत्रू म्हणजे ‘टू-लाइन्ड चेस्टनट बोरर’ हा भुंगेरा. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात. इथे तपकिरी पानं गळत नाहीत, फांदीलाच लटकून राहतात. सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी बारीक छिद्रं दिसतात. दुष्काळाने किंवा बांधकामात मुळं तुटल्याने खचलेलं झाड तो गाठतो. पण मर रोगाने अर्धमेलं झालेलं झाडही त्याला चालतं! त्यामुळे छिद्रं सापडली म्हणून मर रोग नाही, असं मुळीच समजू नये.

थंड, ओल्या वसंतानंतर खालच्या फांद्यांवर येणारा अँथ्रॅक्नोज हा पानांचा बुरशीजन्य रोग मात्र सहसा झाडाच्या जिवावर उठत नाही.

शंका उरली तर प्रयोगशाळा गाठावी. नुकत्याच सुकू लागलेल्या, सालीखाली अजून ओल्या असलेल्या फांद्यांचे तुकडे थंड ठेवून पाठवावेत. वाळक्या लाकडात ही बुरशी टिकत नाही आणि रोग असूनही अहवाल कोरा येतो. ही खातरजमा टाळणं मला गंभीर वाटतं, कारण बोररग्रस्त झाडाला वेळेवर पाणी दिलं तर ते सावरू शकतं, तर मर रोग जमिनीखाली एकमेकांत जुळलेल्या मुळांतून शेजारच्या ओकमध्ये पोचतो. तो रोखायचा तर रोगट झाड पाडण्याआधी खोल चर खणून ही मुळं तोडावी लागतात. आणि या भागात एप्रिल ते जुलै ओकला कुऱ्हाड-करवत लावू नये; वादळात फांदी मोडलीच, तर जखमेवर लगेच रंग द्यावा.